हृदयावरची तसबीर

दागिन्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा सोन्याचे वजन, हिऱ्यांचे पाणी आणि कारागिरांची घराणी यांतच रमलेले दिसतात. दागिना ज्याच्या अंगावर होता त्याच्या अंतःकरणात काय चालले होते, हे सोने सांगत नाही. याला एक अपवाद आहे. आपल्या स्त्रिया पदर खांद्यावर नीट राहावा म्हणून जी पिन लावतात, तिचा पाश्चात्त्य भाऊबंद म्हणजे ब्रोच. अशा ब्रोचच्या सोनेरी चौकटीत, काचेखाली, हाताने रंगविलेली इवलीशी तसबीर बसविलेली असली की तो दागिना बोलू लागतो. अठराव्या शतकातील इंग्लंडात असे ब्रोच, अशी पदके आणि अशा तसबिरी जडविलेली कंकणे श्रीमंत घराण्यांत सर्रास वापरली जात. आज ती संग्रहालयांत किंवा लिलावगृहांच्या काचपेट्यांत पाहावयास मिळतात. त्याच कुळातील एका जोडीची कहाणी आम्ही येथे सांगणार आहोत. ती एका राजाची आहे, तशीच एका कॅथलिक विधवेचीही आहे. आणि विवाह या संस्काराकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी ती आपल्याला देते, असे आम्हांस वाटते.

प्रथम या कलेविषयी थोडेसे. अशा छोट्या चित्रांना ‘मिनिएचर’ म्हणतात. ‘मिनी’ म्हणजे लहान, म्हणून मिनिएचर, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो बरोबर नाही. लॅटिन भाषेत ‘मिनियम’ म्हणजे आपला शेंदूर. मध्ययुगातील मठांत धर्मग्रंथांच्या हस्तलिखित प्रती तयार होत, तेव्हा आद्याक्षरे शेंदराने रंगवीत. त्या कामाचे नाव पुढे हस्तलिखितातील चित्रांना मिळाले, आणि शेवटी ग्रंथातून बाहेर पडून माणसांच्या गळ्यात विसावलेल्या तसबिरींनाही तेच चिकटले. प्रेमिकांच्या या अलंकाराचे मूळ असे मठवासी लेखनिकांच्या मेजापाशी सापडते.

आरंभी या तसबिरी वासराच्या कमावलेल्या कातड्यावर काढीत. १७०० च्या सुमारास व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कारिएरा हिने हस्तिदंताचा पातळ काप वापरण्यास आरंभ केला आणि लवकरच सर्व युरोपने तिचे अनुकरण केले. डिंकात कालविलेल्या पाण्याच्या रंगांनी हे काम चाले. हस्तिदंत कागदासारखा पाणी शोषून घेत नाही. हात किंचित जड पडला तरी खालचा रंग उचलला जातो. म्हणून चित्रकार अतिसूक्ष्म कुंचल्याने ठिपके आणि बारीक रेघा देत चेहरा उभा करीत. कसबी चित्रकार चेहऱ्यावरचा रंग इतका विरळ ठेवीत की, हस्तिदंताची मूळची कांतीच त्वचेची कांती होऊन जाई. चौकटीच्या मागील बाजूस पुष्कळदा त्या व्यक्तीच्या केसांची बट काचेखाली जपलेली असे. ही कला समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली होती. जॉन स्मार्ट हा नामवंत इंग्रज चित्रकार १७८५ ते १७९५ या काळात मद्रासेत राहून अर्काटच्या नवाबाच्या आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या तसबिरी रंगवीत होता. छायाचित्राचा शोध जगापुढे आला तो १८३९ साली. तोपर्यंत दूर गेलेल्या माणसाचा चेहरा जवळ बाळगायचा तर हाच एक मार्ग होता.

आता मूळ कहाणीकडे वळू.

मारिया स्माइथ हिचा जन्म १७५६ सालचा, एका जुन्या कॅथलिक घराण्यातला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक असणे म्हणजे आपल्याच देशात परक्यासारखे राहणे होते. कॅथलिकांना संसदेत बसता येत नसे, सरकारी अधिकारपदे मिळत नसत. उघडपणे मिस्सा होई ती परदेशी वकिलातींच्या प्रार्थनामंदिरांत किंवा जमीनदारांच्या खाजगी वाड्यांत. मुलींना धर्मशिक्षण द्यायचे तर समुद्रापार पाठवावे लागे. मारियाचेही शिक्षण पॅरिसमधील इंग्रज धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. कायद्यात किंचित सवलत देणारा एक अधिनियम १७७८ साली झाला, तर दोनच वर्षांनी, जून १७८० मध्ये, लंडनमध्ये त्याविरुद्ध भयंकर दंगली उसळल्या आणि वॉरिक स्ट्रीटवरील बव्हेरियन वकिलातीच्या प्रार्थनामंदिराची नासधूस झाली.

मारियाचा पहिला विवाह १७७५ साली लुलवर्थच्या एडवर्ड वेल्ड यांच्याशी झाला. अवघ्या तीन महिन्यांत ते घोड्यावरून पडल्यानंतर मरण पावले. नवे मृत्युपत्र तयार होते, पण त्यावर सही व्हायची राहून गेली होती. इस्टेट धाकट्या भावाकडे, थॉमस वेल्ड यांच्याकडे गेली. याच थॉमस वेल्ड यांनी पुढे लुलवर्थला कॅथलिक चर्च बांधले. बाहेरून ते थडग्याच्या वास्तूसारखे दिसावे, अशी राजा तिसरा जॉर्ज याची अट होती, असे सांगतात. अमेरिकेचे पहिले बिशप जॉन कॅरोल यांची दीक्षा १७९० साली त्याच चर्चमध्ये झाली. बाहेरून एक आणि आतून दुसरे, असेच त्या काळच्या इंग्लंडातील कॅथलिक जीवन होते. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पुढे मारियाने जे केले ते समजण्यास मदत होते.

१७७८ साली तिने थॉमस फिट्झहर्बर्ट या कॅथलिक गृहस्थाशी दुसरा विवाह केला. १७८१ साली तेही नीस येथे वारले. पंचविसाव्या वर्षाच्या आतच ती दोनदा विधवा झाली होती. पतीने ठेवलेली वार्षिक नेमणूक आणि लंडनमधील पार्क स्ट्रीटवरचे घर, यांवर ती स्वतंत्रपणे राहू लागली. १७८४ मध्ये युवराज जॉर्ज, म्हणजे पुढील काळातला राजा चौथा जॉर्ज, याने तिला पाहिले. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान, रसिक, उधळा आणि हट्टी. राजपुत्राची रखेल होणे त्या समाजात फारसे लाजिरवाणे मानले जात नसे. पुष्कळ घराणी तर त्यात भाग्य मानीत. मारियाने मात्र साफ नकार दिला. तेव्हा युवराजाने स्वतःला जखम करून घेतली आणि ती आली नाही तर आपण प्राण देऊ असा निरोप धाडला. डेव्हनशरच्या डचेसला सोबत घेऊन ती गेली, दडपणाखाली तिने अंगठी स्वीकारली आणि लागलीच ती युरोपात निघून गेली. वर्षाहून अधिक काळ ती परतलीच नाही.

याच काळात आमची तसबीर कथेत प्रवेश करते. नोव्हेंबर १७८५ मध्ये युवराजाने तिला एक प्रदीर्घ पत्र पाठविले आणि सोबत एक छोटे चित्र धाडले. त्यात पूर्ण चेहरा नव्हता. होता तो फक्त त्याचा एक डोळा. रंगविणारा होता रिचर्ड कॉस्वे, युवराजाचा मानकरी चित्रकार. संपूर्ण चेहरा कुणीही ओळखला असता; एकटा डोळा कुणाचा, हे ज्याला ठाऊक त्यालाच कळणार. गुप्त प्रेमाला याहून सोयीची खूण कोणती? पुढे इंग्लंडात अशा डोळ्यांच्या ब्रोचची आणि अंगठ्यांची मोठी फॅशन आली, तिला या प्रकरणाने मोठाच हातभार लावला.

मारिया परतली. १५ डिसेंबर १७८५ रोजी तिच्या घराच्या दिवाणखान्यात, दारे लावून, विवाह झाला. रॉबर्ट बर्ट नावाच्या एका कर्जबाजारी अँग्लिकन पाळकाने तो लावला. त्याचे कर्ज युवराजाने फेडले. मारियाचे मामा हेन्री एरिंग्टन आणि भाऊ जॉन स्माइथ हे दोघे साक्षीदार. विवाहाचा दाखला युवराजाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिला.

हा विवाह खरा होता काय? देशाच्या कायद्याने, नव्हता. १७७२ च्या राजकुल विवाह अधिनियमानुसार पंचवीस वर्षांखालील राजवंशीयाने राजाच्या संमतीवाचून केलेला विवाह मुळातच रद्द ठरे, आणि युवराज तेवीस वर्षांचा होता. दुसरीकडे १७०१ चा वारसा अधिनियम सांगत होता की, कॅथलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्याचा गादीवरील हक्क जाईल. म्हणजे पहिल्या कायद्याने विवाह रद्द केला म्हणूनच दुसऱ्या कायद्याच्या तावडीतून मुकुट वाचला. पत्नी नाकारण्यातच पतीचा लाभ होता. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने मात्र स्थिती निराळी होती. दोघेही विवाहास मोकळे होते, दोघांनी स्वेच्छेने आणि साक्षीदारांसमक्ष एकमेकांना वचन दिले होते. तेवढ्याने विवाहसंस्कार पुरा होतो, कारण या संस्काराचे खरे पुरोहित वधू आणि वर हेच असतात.

या ठिकाणी वाचकांच्या मनात शंका येईल की, कॅथलिक धर्मगुरूंच्या उपस्थितीवाचून विवाह वैध कसा? त्याचे उत्तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेत आहे. गुपचूप विवाह करून नंतर तो नाकारणाऱ्या पुरुषांमुळे युरोपभर असंख्य स्त्रियांची फसगत होत असे. म्हणून नोव्हेंबर १५६३ मध्ये परिषदेने ठरविले की, यापुढे विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूंसमोर आणि किमान दोन साक्षीदारांसमक्ष झाला तरच वैध; त्याची आगाऊ जाहीर घोषणा व्हावी आणि नोंद पुस्तकात ठेवावी. परंतु हा निर्णय ज्या प्रदेशात रीतसर जाहीर झाला तेथेच लागू होता. आपल्या बाजूला १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ट्रेंटच्या सुधारणा पोर्तुगीज अमलाखालील ख्रिस्तसभेत आणल्या, आणि वसई त्या काळी पोर्तुगिजांचीच होती. प्रॉटेस्टंट इंग्लंडात मात्र तो जाहीर झालाच नव्हता. म्हणून मारियाचा विवाह धर्मदृष्ट्या वैध ठरला. पण ज्या संरक्षणासाठी परिषदेने तो नियम केला होता, ते संरक्षण तिला लाभले नाही.

त्याचे फळ लवकरच दिसले. युवराजाच्या कर्जांचा प्रश्न संसदेत आला असता ३० एप्रिल १७८७ रोजी त्याचा मित्र चार्ल्स जेम्स फॉक्स याने भर सभागृहात सांगितले की, असा विवाह कधी झालाच नाही. फॉक्स खोटे बोलत नव्हता. युवराजानेच लग्नाच्या चार दिवस आधी पत्र लिहून त्याला तसे कळविले होते. संसदेने कर्जे फेडली. मारियाची अब्रू मात्र त्या सौद्यात खर्ची पडली. ती गप्प राहिली. हातातला दाखला तिने जगाला दाखविला असता तर पती गादीला मुकण्याचा संभव होता. पुढे तर साक्षीदारांना शिक्षा होऊ नये म्हणून तिने त्या दाखल्यावरील त्यांची नावे कात्रीने कापून टाकली. ज्या कागदावर तिचा सारा मान अवलंबून होता, तो तिने स्वतःच्या हाताने अपुरा केला.

१७९४ साली युवराजाने पत्र पाठवून संबंध तोडला आणि ८ एप्रिल १७९५ रोजी ब्रुन्सविकच्या कॅरोलाइन या राजकन्येशी उघड, कायदेशीर विवाह केला. तो पहिल्यापासूनच विसकटला. जानेवारी १७९६ मध्ये कन्या जन्मली आणि त्यानंतर तीनच दिवसांनी युवराजाने मृत्युपत्र लिहिले. त्यात त्याने सर्व काही मारियाच्या नावे केले. देवाच्या दृष्टीने तीच आपली पत्नी आहे, असे नमूद केले. आणि आपण मेल्यावर तिची तसबीर फितीने गळ्यात अडकवून हृदयावर ठेवून आपल्याला पुरावे, अशी इच्छा व्यक्त केली.

तो पुन्हा तिची मनधरणी करू लागला, तेव्हा मारियाने आपला प्रश्न रोमपुढे ठेवला. वॉरिक स्ट्रीटच्या प्रार्थनामंदिरातील फादर विल्यम नॅसो रोमला गेले. पोप सातवे पायस यांच्याकडून उत्तर आले की, ती युवराजाची धर्मपत्नी आहे आणि त्याच्यासोबत राहू शकते. १८०० च्या जूनमध्ये तिने लंडनच्या प्रतिष्ठितांना आपल्या घरी भोजनास बोलावून हे पुनर्मीलन उघड केले. त्यानंतरची काही वर्षे, मुख्यतः ब्रायटन येथे घालविलेली, तिच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती. परंतु जॉर्जचे मन पुन्हा दुसरीकडे वळले. १८११ साली तो राज्याचा कारभारी झाला, तेव्हा त्याच्या मोठ्या मेजवानीत मारियाला मानाचे आसन नाकारले गेले. पत्नी म्हणून आपले स्थान नसेल तर आपण येणार नाही, असे ठरवून ती कायमची दूर झाली.

येथे चित्रकाराच्या घरातीलही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कॉस्वेची पत्नी हिचेही नाव मारियाच. फ्लॉरेन्समध्ये जन्मलेली ही कॅथलिक स्त्री स्वतः निपुण चित्रकर्ती होती. तिचाही संसार सुखाचा झाला नाही. तिने १८१२ साली इटलीतील लोदी येथे मुलींसाठी शाळा काढली, ती पुढे मेरी वॉर्ड यांच्या परंपरेतील धर्मभगिनींकडे सोपविली आणि १८३८ साली तेथेच देह ठेवला. राजदरबारी तसबिरींच्या त्या झगमगत्या दुनियेत या दोन्ही मारियांनी आपली श्रद्धा टिकविली, हे आम्हांस विशेष वाटते.

राजा झाल्यावर चौथ्या जॉर्जने कॅथलिकांना राजकीय हक्क देण्यास अखेरपर्यंत विरोध केला. मंत्र्यांनी पेचात धरल्यावर १३ एप्रिल १८२९ रोजी त्याने नाइलाजाने त्या कायद्यास संमती दिली. ज्याची धर्मपत्नी कॅथलिक, त्याच्याच हातून ही सही इतक्या कष्टाने व्हावी! पुढील वर्षी तो आजारी पडला. मारियाने त्याला एक जिव्हाळ्याचे पत्र लिहिले. त्याने ते वाचून उशाखाली ठेवले. उत्तर देण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. २६ जून १८३० रोजी तो मरण पावला.

आपल्याला अंगावरच्या रात्रीच्या कपड्यांनिशीच पुरावे, असे त्याने वेलिंग्टनच्या ड्यूकला बजावून ठेवले होते. ड्यूकने पाहिले तर मृत राजाच्या गळ्यात एका मळक्या काळ्या फितीला हिऱ्याखाली बसविलेली छोटी तसबीर होती. ती होती मारियाची, कॉस्वेच्या हातची. ती तशीच त्याच्याबरोबर विंडसरच्या भूमीत गेली. तिची जोडीदार, म्हणजे हिऱ्याखालीच बसविलेली राजाची तसबीर, मारियाकडे होती. मारियाने सांभाळलेली मानसकन्या मिनी सीमोर हिच्याकडे ती गेली, तिच्या वंशजांनी जपली, आणि २०१७ साली लंडनच्या लिलावात तिला तीन लाख पौंडांहून अधिक किंमत आली. राजाच्या गळ्यात काय होते हे मारियाला कळले, तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त तिच्या डोळ्यांतून आसवे ओघळली, असे सांगतात.

ही हकीकत हृद्य आहे यात शंका नाही, आणि पुष्कळ लेखक येथेच थांबतात. आम्हांस मात्र थांबवत नाही. तसबीर छातीशी बाळगणे सोपे होते. सदऱ्याखाली ती कुणाला दिसत नव्हती. अवघड होते ते चारचौघांत ‘ही माझी पत्नी’ असे म्हणणे. जॉर्जने मृत्युपत्रात ते लिहिले, पण ते वाचले जाणार होते त्याच्या मृत्यूनंतर. त्याचे प्रेम खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. पंचेचाळीस वर्षांनंतरही जी फीत गळ्यात राहिली, ती नाटकाची असू शकत नाही. पण विवाह हे केवळ दोन हृदयांचे गुपित नव्हे. ते समाजासमोर उच्चारलेले वचन आहे. लग्नाआधी चर्चमध्ये घोषणा वाचली जाते, साक्षीदार सही करतात, धर्मग्रामाच्या पुस्तकात नोंद होते, तेव्हा आपल्याला हा सारा कागदोपत्री सोपस्कार वाटतो. त्या पुस्तकातील एक ओळ नसल्यामुळे एका स्त्रीला आयुष्यभर काय सोसावे लागले, हे मारियाच्या चरित्रात दिसते. १९०८ पासून ट्रेंटचा तो नियम जवळजवळ साऱ्या कॅथलिक जगाला लागू झाला. इंग्लंडचा कायदाही बदलला, परंतु फार उशिरा: कॅथलिक व्यक्तीशी विवाह केल्याने राजगादीचा हक्क जाण्याची तरतूद २०१५ च्या मार्चमध्ये संपुष्टात आली. कॅथलिक व्यक्तीला स्वतःला मात्र आजही त्या गादीवर बसता येत नाही.

नवा राजा चौथा विल्यम याने मारियाचा दाखला पाहिला, तेव्हा तो हेलावला. त्याने तिला डचेसचा किताब देऊ केला. तिने तो नम्रपणे नाकारला. श्रीमती फिट्झहर्बर्ट या नावाला आपण कधी डाग लागू दिला नाही, तेच आपल्याला पुरे, अशी तिची भूमिका होती. राजाच्या आग्रहावरून तिने जॉर्जची विधवा म्हणून काळी वस्त्रे मात्र धारण केली. १८३३ साली वेलिंग्टन आणि लॉर्ड अल्बेमार्ल यांच्यासमक्ष तिची बहुतेक पत्रे जाळण्यात आली. विवाहाचा दाखला, ते मृत्युपत्र आणि आणखी मोजके कागद तिने राखून ठेवले आणि ते बँकेत मोहोरबंद झाले. आज ते विंडसरच्या राजदप्तरात आहेत.

मार्च १८३७ मध्ये, ईस्टरनंतरच्या सोमवारी, ब्रायटन येथे तिने डोळे मिटले. तेथील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या उभारणीस तिने सढळ हाताने मदत केली होती. त्याच चर्चमध्ये ती चिरविश्रांती घेत आहे. तिच्या मानसकन्येने तेथे तिचे संगमरवरी स्मारक उभारले. त्यात मारिया गुडघे टेकून प्रार्थना करीत आहे आणि तिच्या बोटात शिल्पकार केर्‌यू याने एक नव्हे, दोन नव्हे, तीन विवाहांच्या अंगठ्या कोरल्या आहेत. तिसरी अंगठी कुणाची, हे मिस्सेला येणाऱ्या कोणाही माणसाला विचारता येते.